माझी कल्हई गेली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची पातेली आहे आणि जात्याच भित्री आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी हसायला नको. लोकांना वाटतं, एवढं जाडजूड भांडं, पायावर पडलं तर बोट मोडेल, हिला कसली आलीये भीती! पण जाडीचा आणि भीतीचा काही संबंध नसतो. मी तर जन्मलेच ठोके खाऊन. पुण्याच्या तांबट आळीत एका कारागिराने मला दिवसभर ठोकून ठोकून गोल केलं. प्रत्येक ठोक्याला मला वाटायचं, आता फाटले. फाटले नाही, पण ती धास्ती अंगात मुरली ती मुरलीच.

तिथून मी जुन्नरच्या भांड्यांच्या दुकानात आले. एका वडिलांनी मुलीच्या लग्नासाठी मला विकत घेतलं आणि माझ्या काठावर तिचं नाव टोचून घेतलं. ती मुलगी म्हणजे लंकाबाई. तिच्याबरोबर मी खोडदला नांदायला आले. ती नवी, मीही नवी. दोघीही पहिले आठ दिवस चुलीजवळ बिचकूनच होतो.

आता तुम्हाला कल्हईचं सांगायला हवं, कारण माझी सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. पितळेला आंबट सोसत नाही. ताक, चिंच, कैरी, असलं काही उघड्या पितळेत ठेवलं की पितळ त्यात उतरतं आणि पदार्थ विषारी होतो. घरातली जुनी माणसं त्याला ‘कळकलं’ म्हणतात. म्हणून आम्हाला आतून कथलाचा पांढरा थर देतात. तो थर म्हणजे कल्हई. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी जुन्नरहून अमजदभाई भाता घेऊन यायचे. मला निखाऱ्यांवर लालबुंद तापवायचे, आत नवसागर टाकायचे, धुराचा लोट उठायचा, मग कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने पुसायचे आणि शेवटी पाण्यात बुडवायचे. चुर्र! माझी दर वर्षी पाचावर धारण बसायची. पण बाहेर आले की आतून चांदीसारखी पांढरी असायचे आणि मग वर्षभर घोर नसायचा. लंकाबाई कधीही दिवाळी चुकवायची नाही. उसाला पाणी द्यायचं राहील, पण माझी कल्हई राहायची नाही.

तिने माझ्याकडून काम तरी किती करून घेतलं! बासुंदी माझ्यात, खरवस माझ्यात. पुढे गावाशेजारी ती आभाळाचा कानोसा घेणारी मोठी दुर्बीण उभी राहिली. त्या कामावर आलेल्या एका साहेबांच्या बायकोने लंकाबाईला केक शिकवला. ओव्हन कुणाच्या घरी होता हो तेव्हा? मोठ्या घमेल्यात वाळू तापवायची, त्यात मला बसवायचं, झाकणावर निखारे ठेवायचे. रव्याचा केक, आणि मे महिना असला तर त्यात मूठभर करवंदं. शेजारणी बघायला यायच्या. खाली आग, वर आग, आणि मी मधे जीव धरून. झाकण काढलं की सगळ्या एकदम गप्प होऊन वास घ्यायच्या. खरं सांगू? तेव्हा मला माझी भीतीसुद्धा आवडायची.

मग गॅस आला, कुकर आला, हलकीफुलकी स्टीलची भांडी आली. अमजदभाई थकले, बाजारात यायचे बंद झाले. मला माळ्यावर टाकलं. मी तिथे बारा-तेरा वर्षं पालथी पडून होते. रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक आली की माझ्या काळजात धस्स व्हायचं. आज मोडीत जाणार, आज वितळणार, हेच रोज. लंकाबाईला दोन-तीनदा विचारलंही कुणी कुणी. ती नाही म्हणाली, पण मला खाली काही तिने घेतलं नाही.

मला खाली घेतलं ते तिच्या सुनेने, हर्षालीने. ही अवसरी खुर्दची. मोठी हौशी आणि कष्टाळू पोर. मंचरला जाऊन बेकिंगचं शिकली, घरात विजेचा ओव्हन घेतला आणि ऑर्डरी घेऊ लागली. बाकीचे करतात तसे चॉकलेटचे केक ती करायचीच, पण तिचं नाव झालं ते आपल्याकडच्या रानमेव्यामुळे. जांभळाचा चीजकेक, तुतीचे मफिन आणि करवंदाचे टार्ट. टार्ट म्हणजे मैदा आणि लोण्याची खुसखुशीत वाटी भाजायची आणि तिच्यात करवंदांचा शिजवलेला गर भरायचा. घाटघरहून साळुबाई डोक्यावर पाटी घेऊन यायची, पळसाच्या पानांखाली काळीभोर करवंदं. हर्षालीची आठ वर्षांची मुलगी समृद्धी, म्हणजे आमची समू, साळुबाईने पाटी खाली ठेवायच्या आधीच हात घालायची.

हर्षालीला कुणी तरी सांगितलं की जुन्या पितळी भांड्यात केलेलं लोकांना फार आवडतं, फोटोही छान येतो. झालं, मी माळ्यावरून खाली! लंकाबाईला केवढा आनंद. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, नीटसं दिसत नाही, तरी तिने माझ्या काठावरचं आपलं नाव बोटाने चाचपलं. सुनेला म्हणाली की माझी पातेली लई गुणी, गर खाली लागायचा न्हाई. कल्हईचं काही बोलली नाही. तिच्या दृष्टीने ते सांगायचं कशाला? पातेली आहे म्हणजे कल्हई असणारच. आपण कुणाला सांगतो का, की जेवताना तोंड उघड म्हणून?

आणि हर्षाली स्टीलच्या घरात वाढलेली. तिने माझ्या आत पाहिलं तर काय? पांढुरका, काळपट, डागाळलेला थर. तिला वाटलं, जुन्या दुधाची साय करपून बसली असणार. अगं बाई, तोच तर माझा जीव होता! जुना, झिजलेला, पण होता. तिने चिंच-मिठाने घासलं, तारेच्या घासणीने घासलं, हाताला फोड आले. थर काही हलेना. मग तिचा नवरा पप्पू म्हणाला की आण इकडे, मशीनवर दोन मिनिटांचं काम. त्याचं ग्रील-दरवाज्यांचं वर्कशॉप आहे. त्याने पॉलिशचं चाक लावलं आणि मला आतून बाहेरून पार घासून काढलं. मी किंचाळत होते मित्रांनो, पण मशीनच्या आवाजात पातेलीचं कोण ऐकतंय?

घरी आले ती आतून सोन्यासारखी पिवळीधमक होऊन. समूने आत तोंड घालून स्वतःचं प्रतिबिंब बघितलं. हर्षालीने फोटो काढले. चकाकतं ते सारं सोनं नसतं, हे तुम्ही शाळेत पाठ केलं असेल. मी त्या दिवशी ते अंगावर वागवत होते. लंकाबाईने मला बाहेरून कुरवाळलं आणि म्हणाली, झाली बाई नव्यासारखी. आत हात घाल गं, लंकाबाई, एकदा आत हात घाल, असं मी मनातल्या मनात शंभरदा म्हटलं.

चौथ्या दिवशी मोठी ऑर्डर आली. नारायणगावला मुलांचं उन्हाळी शिबिर होतं, त्याच्या समारोपाला चाळीस टार्ट. शिबिराच्या बाई, अश्विनी मॅडम, यांचा फोन आला तेव्हा हर्षाली उड्या मारायचीच बाकी होती. सकाळी साळुबाई तीन किलो करवंदं टाकून गेली. ती धुऊन, बिया काढून, साखर घालून माझ्यात शिजायला ठेवली. करवंद म्हणजे किती आंबट ते तुम्हाला माहीत आहे. पहिला चटका बसला आणि मला कळलं की सुरू झालं. माझं अंग त्या गरात उतरत होतं. मला थांबवता येत नव्हतं. मी डुगडुगले, खडखडले. हर्षालीने गॅस बारीक केला, तिला वाटलं बर्नर नीट बसला नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं, पण दहा वाजता लाइट गेली. वाट्या भाजायला ओव्हन हवा, ओव्हनला लाइट हवी. बारा वाजले, दोन वाजले, लाइटचा पत्ता नाही. गर माझ्यातच पडून. काठाला बारीक हिरवट कड आली, पण करवंदांच्या जांभळ्या रंगात ती कुणाला दिसणार? दुपारी हर्षालीने जिभेवर थेंबभर घेऊन पाहिला आणि तोंड वाकडं केलं. तुरट लागतंय, म्हणाली, करवंदं कच्ची निघाली वाटतं. आणि तिने आणखी दोन वाट्या साखर ओतली. मित्रांनो, त्या साखरेची मला जेवढी भीती वाटली तेवढी कधी आगीचीही वाटली नव्हती. तुरटपणा हीच तेवढी एक खूण होती, आणि तीही झाकली गेली.

चारला लाइट आली. मग एकच धांदल. वाट्या भाजल्या, गर भरला, वर पिठीसाखर भुरभुरवली, खोके बांधले, आणि पावणेसहाला पप्पू मोटारसायकलवर खोके घेऊन नारायणगावला निघालाही. दुपारचं जेवण त्या गडबडीत कुणाचंच धड झालं नव्हतं. समू मांडी घालून बसली, मला मांडीवर घेतलं आणि मोठा चमचा घेऊन कडेचा, तळाचा सगळा गर खरवडून खाऊ लागली. खरवड मुलांना आवडतेच. तिचा चमचा माझ्या अंगावर घासत होता. मी म्हणत होते, पोरी, नको. सोड. मला आपट, फेक, पण चाटू नकोस. तळाचे दोन थेंब सोडले तर तिने बोटं फिरवून मला लख्ख करून ठेवलं.

अर्धा तास झाला असेल. समू पोट धरून उठली. पहिली उलटी अंगणात, दुसरी मोरीत, तिसरीला उभंही राहता येईना. हर्षाली म्हणाली, ऊन लागलं. शेजारची ठकूबाई म्हणाली की दृष्ट लागली, फोटो टाकता ना सारखे, आणि मीठ-मिरच्या आणायला धावली. पोरीच्या ओठांचा रंग गेला होता. मी ओट्यावर पडून सगळं ऐकत होते. एका माझ्याच ठायी खरं काय ते होतं, आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं.

लंकाबाई भिंतीला धरून धरून स्वयंपाकघरात आली. तिने विचारलं, पोरीने काय खाल्लं? हर्षाली म्हणाली, काहीच नाही, नुसता पातेलीतला गर. लंकाबाईचा हात ओट्यावर चाचपडत माझ्यापर्यंत आला. आणि अखेर तिने तो आत घातला. तिची बोटं तळावरून फिरली, कडेवरून फिरली, थांबली, पुन्हा फिरली. कल्हईचा स्पर्श वेगळा आणि उघड्या पितळेचा वेगळा, हे चाळीस वर्षं मला घासलेल्या बाईला कुणी सांगायची गरज नव्हती. तिला साखरेचा आजार, गोडाला ती शिवत नाही. तरी तिने बोट जिभेला लावलं आणि लगेच थुंकली.

“हर्षाली, ह्यातली कल्हई कुठं गेली?”

“कल्हई म्हणजे, आत्या?”

“पांढरं व्हतं ना आत. ते.”

“ते काळं पडलं होतं. आम्ही घासून काढलं.”

लंकाबाईने मला ओट्याच्या कडेला ढकललं. “कळकलंय गं,” ती म्हणाली, “इख झालंय ते. बाकीचं कुठं हाय?”

बाकीचं म्हणजे चाळीस टार्ट. हर्षालीचा चेहरा मी पाहिला. तसा चेहरा मी कुणाचा पाहिला नव्हता, आणि पुन्हा पाहू नये. तिने पप्पूला फोन लावला, तो गाडीवर, फोन खिशात वाजतोय. पुन्हा लावला. मग तिने अश्विनी मॅडमना लावला. एका हाताने समूला धरलंय, दुसऱ्या हातात फोन, आणि तो उचलेपर्यंत ती पुटपुटत होती, देवा, उचला, उचला.

“मॅडम, टार्ट वाटू नका,” ती म्हणाली. पलीकडून काही तरी विचारलं असावं. मला वाटलं, आता ही म्हणेल की उन्हाने खराब झाले, दुसरे करून देते. कुणीही म्हणालं असतं. पण ती म्हणाली, “माझ्या हातून चूक झाली. त्यात विष उतरलंय. माझी मुलगी खाऊन आजारी पडलीय. एकाही मुलाला देऊ नका, हात जोडते.”

नंतर कळलं की पप्पू खोके तिथे देऊन परत निघाला होता. मुलं हात धुऊन रांगेत बसलेली. पहिला खोका उघडून ताटलीत मांडायचं चाललं होतं. एवढंच अंतर राहिलं होतं मित्रांनो. आजही आठवलं की अंगावरची चकाकी उतरते माझ्या.

समूला शेजाऱ्यांच्या गाडीतून नारायणगावच्या दवाखान्यात नेलं. घर रिकामं झालं. मला कुणी उचललंही नाही. मी तशीच ओट्यावर, तळाला दोन थेंब गर, आणि त्याच्याभोवती माश्या. पोरगी जगली की नाही हे पातेलीला कोण सांगणार? भीती काय असते ते मला तेव्हा कळलं. आधीच्या सगळ्या भीत्या माझ्या स्वतःसाठी होत्या. फाटेन, जळेन, मोडीत जाईन. ही भीती दुसऱ्यासाठी होती आणि हिच्यापुढे त्या अगदीच पोरकट वाटल्या. मला चालेल, मी म्हणत होते, मला उद्या वितळवा, पण तिला घरी आणा.

ती तिसऱ्या दिवशी घरी आली. डॉक्टर म्हणाले होते की उलट्या झाल्या म्हणून बरंचसं बाहेर पडलं, वेळेवर आणलं. हाताला सलाइनची पट्टी, डोळे खोल गेलेले, पण स्वतःच्या पायांनी आली. पप्पूने ते टार्ट कुत्र्यालाही मिळू नयेत म्हणून खोल खड्ड्यात पुरले होते. आता तो मला घेऊन वर्कशॉपला निघाला, तुकडे करायला. हर्षाली म्हणाली, तिचा काय दोष, घासायला मीच सांगितलं. तो म्हणाला, मशीन मी फिरवलं. लंकाबाई म्हणाली की सांगायचं माझं काम व्हतं, मी न्हाई सांगितलं. तिघंही दोष आपल्याकडे ओढत होती आणि मी मधे, पप्पूच्या हातात. शेवटी त्याने मला कोपऱ्यात ठेवलं.

वाटलं, संपलं. पण खरं संकट तर पुढेच होतं. समू आईच्या हातचं काही खाईना. भाकरी नाही, वरणभात नाही. दुकानातून आणलेला बिस्किटाचा पुडा स्वतः फोडायची, केळं स्वतः सोलायची, बस्स. आई ताट घेऊन आली की नुसती बघायची. रडायची नाही, भांडायची नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि हिचं तर आईच्या हातानेच पोळलं होतं. हर्षालीने ओव्हनवर कापड टाकलं. ऑर्डरी घेणं बंद केलं. लेकीची बरगडी न् बरगडी दिसू लागली, आणि ती माऊली ताट झाकून ठेवायची आणि मागच्या दारी जाऊन बसायची.

जून लागायला आला. एक दिवस हर्षालीने मला पिशवीत घातलं आणि जुन्नरला नेलं. तिथे तन्वीर नावाचा कारागीर बिर्याणीच्या मोठमोठ्या डेगांना कल्हई करतो. ती त्याच्यासमोर शेवटपर्यंत बसून राहिली. कथील कसलं, किती दिवस टिकतं, गेलं हे कसं ओळखायचं, काय घालायचं नाही, सगळं विचारून घेतलं. आगीत घातलं तेव्हा मी नेहमीसारखीच घाबरले. पण पाण्यात चुर्र झाल्यावर आतून पांढरी झाले आणि, खोटं कशाला बोलू, मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने साळुबाईकडच्या शेवटच्या करवंदांचा गर शिजवला, शिजताक्षणी चिनी मातीच्या बरणीत काढला, आणि फक्त दोन टार्ट केले. समूला हाक मारून एक तिच्यापुढे ठेवला, एक स्वतःपुढे. मला धुऊन दोघींच्या मधे ठेवलं होतं. समूने वाकून माझ्या आत पाहिलं. मग म्हणाली,

“मम्मी, तू आधी खा.”

हर्षाली रागावली नाही. तिने अख्खा टार्ट खाल्ला, चुरासुद्धा ठेवला नाही.

“मला किती वेळानं उलटी झाली व्हती?”

“अर्ध्या तासाने.”

“मग अर्धा तास थांबू,” समू म्हणाली, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून बसली.

त्या दोघी तिथेच बसल्या. हर्षालीने फोन वाजला तरी उचलला नाही, गॅसवरचं दूध उतू गेलं तरी उठली नाही. समू दर दोन मिनिटांनी मान वळवून आईच्या तोंडाकडे बघायची. मध्येच विचारायची, पोटात दुखतंय का? आणि हर्षाली म्हणायची, नाही गं. मी नव्या कल्हईची, तरी भीतीने गार पडले होते. तन्वीरचा हात कुठे चुकला असेल तर? एखादं ठिकाण उघडं राहिलं असेल तर? तो अर्धा तास मला माझ्या सगळ्या आयुष्यापेक्षा लांब गेला. मोठा काटा अर्धा फेरा करून सहावर आला तेव्हा समूने टार्ट उचलला, एका कोपऱ्याचा कणभर तुकडा तोडला आणि आईच्या डोळ्यांत बघत बघत तोंडात टाकला.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना मान द्या, असं मी सांगणार नाही. नुसता मान दिला की काय होतं ते तुम्ही पाहिलंत. माझ्यासारखी एखादी तुमच्या माळ्यावर असेल तर तिला खाली घ्या, पण काही घालायच्या आधी आत बघा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तिच्यात हात घालायला सांगा. आणि कधी तुमच्या हातून चूक होऊन कुणाला तुमची भीती वाटू लागली, तर त्याला भित्रा म्हणू नका. त्याच्यासमोर बसा, पहिला घास तुम्ही खा, आणि तो म्हणेल तेवढा वेळ थांबा.